विषबाधा आणि गंभीर आजारात हिमोपरफ्यूजन: निर्णयापासून कॅथेटर काढेपर्यंत

हिमोपरफ्यूजनमध्ये रुग्णाचे रक्त शरीराबाहेर आणतात, कोळशाच्या किंवा रेझिनच्या कणांनी भरलेल्या कार्ट्रिजमधून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. विष किंवा नको असलेला रेणू त्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि बाकीचे रक्त पुढे जाते. कल्पना सोपी आहे. म्हणूनच ती फार लवकर, फार सहज आणि पुष्कळदा चुकीच्या रुग्णावर वापरली जाते. ज्याला तिचा खरा उपयोग झाला असता, त्याच्यापर्यंत मात्र ती उशिरा पोचते. हा लेख निवासी डॉक्टर, डायलिसिस तंत्रज्ञ आणि आयसीयूतील परिचारिका यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनी काय आणावे आणि काय विचारावे, हेही शेवटाकडे दिले आहे.

हे सगळे रुग्णालयातच, प्रशिक्षित हातांनीच करायचे असते. प्रत्येक कार्ट्रिजसोबत कंपनीचे सूचनापत्रक येते. इथल्या आकड्यांत आणि त्या पत्रकात फरक दिसला, तर पत्रक पाळा.

थोडा इतिहास

रेझिनमधून रक्त फिरवण्याचे प्रयोग १९४८ मध्ये म्युअरहेड आणि रीड यांनी केले. कोळशाचा वापर १९६४ मध्ये ग्रीक डॉक्टर यात्झिडिस यांनी मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी सुचवला आणि लवकरच बार्बिट्युरेट (झोपेसाठी किंवा झटक्यांवर देतात ती औषधे) यांच्या विषबाधेतही तो करून पाहिला. त्या काळचा कोळसा उघडा असे. त्याचे बारीक कण रक्तात सुटत, प्लेटलेट भराभर कमी होत. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात थॉमस चँग यांनी कोळशाच्या कणांवर पातळ आवरण चढवण्याची पद्धत विकसित केली आणि उपचार बराच सुरक्षित झाला. आजची कार्ट्रिजे याच वाटेने पुढे आली आहेत: आवरण असलेला सक्रिय कोळसा, सच्छिद्र पॉलिस्टायरीनचे मणी, आणि एखाद्या विशिष्ट रेणूलाच धरणारे पृष्ठभाग, उदाहरणार्थ एंडोटॉक्सिनसाठी (काही जिवाणूंच्या आवरणातले विष) पॉलिमिक्सिन बी चिकटवलेले तंतू.

पहिली पायरी: विष रक्तात आहे का, हे ठरवा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण ही पायरी विसरू नका. कार्ट्रिज फक्त रक्तातले विष काढते. चरबीत, स्नायूंत, हृदयाच्या पेशींत जाऊन बसलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही.

औषध शरीरात किती दूरवर पसरते, ते 'वितरण आकारमान' या आकड्यावरून कळते. हा आकडा शरीराच्या दर किलोमागे लिटरमध्ये देतात. तो १ पेक्षा कमी असेल, तर औषधाचा मोठा हिस्सा रक्ताच्या आवाक्यात आहे, असे समजावे. फक्त नियम सांगून हे मनात ठसत नाही, म्हणून हिशोबच करून पाहू.

समजा, ६० किलोच्या रुग्णाने फिनोबार्बिटल घेतले आहे. त्याचे वितरण आकारमान साधारण ०.६ लिटर प्रति किलो, म्हणजे एकूण ३६ लिटर. पंपाचा वेग मिनिटाला २०० मिली आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४० टक्के आहे. म्हणजे कार्ट्रिजमधून मिनिटाला १२० मिली प्लाझ्मा जातो. कार्ट्रिजच्या आधी औषधाची पातळी १०० आणि नंतर ३० असेल, तर ७० टक्के औषध अडले. म्हणजे मिनिटाला ८४ मिली प्लाझ्मा पूर्ण स्वच्छ झाला. ४ तासांत हे सुमारे २० लिटर होते. ३६ पैकी २० लिटर स्वच्छ झाले, तरी स्वच्छ रक्त पुन्हा उरलेल्यात मिसळत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात शरीरातील ४० टक्क्यांच्या आसपास औषध निघते. फिनोबार्बिटलची पातळी शरीराच्या स्वतःच्या गतीने निम्मी व्हायला काही दिवस लागतात. तिथे ४ तासांत एवढे निघणे ही मोठी कमाई आहे.

आता तोच रुग्ण, तेच कार्ट्रिज, तेच ४ तास, पण औषध अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहे असे धरा. त्याचे वितरण आकारमान किलोमागे १५ लिटर धरले, तर एकूण ९०० लिटर होतात. २० लिटर स्वच्छ करून शरीरातले जेमतेम २ टक्के औषध निघेल. डिगॉक्सिनचेही तसेच: किलोमागे ७ लिटर धरले तर ४२० लिटर, आणि निघणार ५ टक्क्यांच्या आत. कार्ट्रिजच्या बाहेर येणाऱ्या रक्तात औषध जवळजवळ नाही, हे पाहून टीमला समाधान वाटते, पण रुग्णाच्या हृदयाला त्याचा काहीच फायदा झालेला नसतो. डिगॉक्सिनच्या विषबाधेत प्रतिपिंडांचे इंजेक्शन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या ट्रायसायक्लिक औषधांच्या विषबाधेत सोडियम बायकार्बोनेट, हेच खरे उपचार आहेत. या दोन्हींसाठी शरीराबाहेर रक्त शुद्ध करू नये, असेच एक्स्ट्रिप या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे मत आहे.

दुसरी पायरी: विष कणांना चिकटते का, आणि डायलिसिसने भागेल का

मेथॅनॉल, इथिलीन ग्लायकॉल आणि लिथियम रक्तात भरपूर असतात, पण कोळशाला नीट चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी डायलिसिसच करायचे. मेथॅनॉलच्या रुग्णात तर रक्तातील आम्लही दुरुस्त करायचे असते आणि ते कार्ट्रिज करू शकत नाही. कार्ट्रिज पाणी काढत नाही, युरिया काढत नाही, पोटॅशियम उतरवत नाही. डायलिसिसच्या जागी ते लावता येत नाही.

कार्ट्रिजचा खरा फायदा प्रथिनांना घट्ट बांधलेल्या, चरबीत विरघळणाऱ्या औषधांमध्ये दिसतो. डायलिसिसच्या पडद्यातून फक्त मोकळे औषध पलीकडे जाते. कोळसा मात्र अल्ब्युमिनशी स्पर्धा करून त्याला बांधलेले औषधही ओढून घेतो. म्हणून कार्बामॅझेपिन, थिओफिलिन, फिनोबार्बिटल, फेनिटॉइन अशा औषधांसाठी एके काळी कोळशाचे कार्ट्रिज हीच पहिली पसंती होती.

आता चित्र बदलले आहे. नव्या हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या पडद्याच्या, डायलायझरमधून आणि रक्ताच्या जास्त वेगाने यांपैकी पुष्कळ औषधे जवळजवळ तितक्याच प्रमाणात निघतात. रक्तस्रावाचा आणि प्लेटलेट घटण्याचा धोकाही कमी राहतो. कार्बामॅझेपिन, थिओफिलिन आणि बार्बिट्युरेट या तिन्हींसाठी एक्स्ट्रिपची पहिली पसंती अधूनमधून करायच्या डायलिसिसला आहे. ते नसेल तिथे हिमोपरफ्यूजन हा मान्य पर्याय आहे. व्हॅल्प्रोएटचे उदाहरण इथे उपयोगी पडते. नेहमीच्या डोसमध्ये ते प्रथिनांना घट्ट बांधलेले असते, पण प्रचंड डोस घेतल्यावर प्रथिनांवरच्या जागा भरून जातात आणि मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो. म्हणून गंभीर विषबाधेत डायलिसिस चांगले काम करते. माझे मत स्पष्ट आहे. चांगले डायलिसिस यंत्र तयार उभे असेल, तर कार्ट्रिज मागवण्यात दोन तास घालवू नका.

कधी सुरू करायचे, याची ढोबळ चौकट अशी. कार्बामॅझेपिन: औषधांना न जुमानणारे वारंवार झटके, किंवा जिवावर बेतणारी हृदयगतीची गडबड. दीर्घकाळ टिकणारी बार्बिट्युरेट औषधे: लांबलेली बेशुद्धी, व्हेंटिलेटर लागेल इतका मंद श्वास, शॉक, किंवा तोंडावाटे पुन्हा पुन्हा कोळसा देऊनही न ओसरणारा परिणाम. थिओफिलिन: झटके, शॉक, जीवघेणी हृदयगती, किंवा एकदम मोठा डोस घेतल्यानंतर लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वरची पातळी. निव्वळ आकडा जास्त दिसला म्हणून शांत, सावध, स्थिर रुग्णाच्या मांडीत जाड कॅथेटर घालू नये.

सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन, श्वासाची काळजी आणि व्हेंटिलेटर हेच आधी येतात. काही ठिकाणी कार्ट्रिज जोडतात, पण त्याच्या फायद्याचा पुरावा कच्चा आहे. त्यापायी अ‍ॅट्रोपिनचा डोस वाढवण्यात मिनिटाचाही उशीर झाला, तर रुग्णाचे नुकसान होते. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन पेशींच्या आत घाव घालतो. कार्ट्रिजने तो पकडला जाईल, अशी आशा धरू नये.

पॅराक्वाट: घड्याळ पाहून निर्णय

या तणनाशकाबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण इथे प्रत्येक तास मोजावा लागतो आणि रुग्ण सुरुवातीला फसवा चांगला दिसतो. तो बोलतो, चालतो, तोंडात थोडी जळजळ आहे म्हणतो. पॅराक्वाट तोपर्यंत फुप्फुसांच्या पेशींत ओढले जात असते. पुढच्या दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात आणि फुप्फुसे कडक होत जातात.

रक्तातली पातळी पहिल्या काही तासांतच झपाट्याने उतरते. म्हणून कार्ट्रिज लावायचेच असेल, तर विष पोटात गेल्यापासून साधारण ४ तासांच्या आत रक्त फिरायला लागावे. त्यानंतर मिळणारा फायदा वेगाने घटतो. मोठ्या प्रमाणात विष प्यायलेल्यांत हिमोपरफ्यूजनने जगण्याचे प्रमाण सुधारल्याचे दिसले नाही, असे १९८८ मधल्या एका बहुचर्चित अभ्यासाने सांगितले होते. आजही पक्का, निर्विवाद पुरावा नाही. तरीही कमी प्रमाणात विष पोटात गेलेला आणि लवकर पोचलेला रुग्ण असेल, तर मी कार्ट्रिज लावण्याच्या बाजूने आहे. त्याच्याकडे दुसरे फारसे काही नसते आणि ४ तासांचा हा उपचार तुलनेने सहन होणारा आहे.

करायचे ते असे: तोंडावाटे सक्रिय कोळसा किंवा फुलर्स अर्थ (विष शोषणारी एक माती) ताबडतोब द्या, त्याच वेळी कॅथेटर घाला. लघवीत सोडियम डायथायोनाइट घालून रंग पाहा. अल्कली मिसळलेल्या लघवीला निळा रंग आला तर पॅराक्वाट आहे. रक्तातली पातळी बाहेरून येण्याची वाट पाहू नका. ऑक्सिजन सवयीने लावू नका. पॅराक्वाट ऑक्सिजनच्या साथीनेच फुप्फुस जाळते, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन खरोखर घातक पातळीला उतरला तरच आणि लागेल तेवढाच द्या. हे दाखल करतानाच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. रात्रपाळीत कुणीतरी चांगल्या हेतूने मास्क लावतोच.

तिसरी पायरी: कॅथेटर आणि तयारी

दोन मार्गांचे, साधारण १२ फ्रेंच जाडीचे डायलिसिस कॅथेटर लागते. उजवी मानेची शीर किंवा मांडीची शीर निवडा. रक्त गोठत नसेल तर मांडी बरी, तिथे बाहेरून दाब देता येतो. मांडीसाठी २० ते २५ सेंमी लांबीचे कॅथेटर घ्या. आखूड घातले की ते शिरेच्या भिंतीला चिकटते आणि रात्रभर पंप ओरडत राहतो. शक्यतो अल्ट्रासाउंड पाहूनच घाला.

सुरू करण्याआधी प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या चाचण्या, साखर, कॅल्शियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि विषाची पातळी यांसाठी रक्त पाठवा. श्वासमार्ग सुरक्षित करा. बेशुद्ध रुग्णाला नळी टाकण्याआधी यंत्राला जोडण्याची घाई करू नका. सक्रिय रक्तस्राव, फार कमी प्लेटलेट आणि औषधांनीही न सावरणारा रक्तदाब असेल, तर पुन्हा एकदा विचार करा.

चौथी पायरी: कार्ट्रिज धुणे

अर्ध्या अडचणी याच पायरीत टळतात आणि घाईत सगळ्यांत जास्त काटछाट इथेच होते.

कार्ट्रिज उभे बांधा. बहुतेकांत रक्ताचा प्रवेश खालून आणि बाहेर पडणे वरून असते, म्हणजे हवा वर निघून जाते. बाजूवरचा बाण पाहा. सलाईन हळू सोडा, कार्ट्रिज हाताने हलके थोपटा, बुडबुडे निघेपर्यंत थांबा. अडकलेली हवा म्हणजे रक्त न पोचणारा कोपरा, आणि तिथूनच गोठायला सुरुवात होते. कोळशाच्या कार्ट्रिजसाठी बऱ्याचदा आधी ५ टक्के ग्लुकोज फिरवायला सांगतात. कोळसा साखरही ओढून घेतो, आणि आधीच त्याला ग्लुकोज पाजले नाही तर सुरुवातीच्या अर्ध्या तासात रुग्णाची साखर खाली येऊ शकते. त्यानंतर हेपरिन घातलेले सलाईन, सहसा २ ते ३ लिटर. काही रेझिन कार्ट्रिजांत आधी हेपरिन सोडून ते भिनण्यासाठी थांबावे लागते. पॉलिमिक्सिन तंतूंच्या कार्ट्रिजला ४ लिटर सलाईन लागते. धुण्याचे पाणी टाकून द्या; सूचनापत्रकाने परवानगी दिली नसेल, तर शेवटचेही रुग्णाला देऊ नका.

डायलिसिसही सोबत करायचे असेल, तर कार्ट्रिज डायलायझरच्या आधी बसवा. नंतर बसवले तर पाणी काढल्यामुळे दाट झालेले रक्त कार्ट्रिजमध्ये शिरते आणि लवकर गोठते. आधी बसवले की थंड झालेले, कॅल्शियम आणि साखर घटलेले रक्त पुढे डायलायझरमध्ये थोडे दुरुस्तही होते.

पाचवी पायरी: रक्त न गोठू देणे

साध्या डायलिसिसपेक्षा इथे हेपरिन जास्त लागते. पृष्ठभाग प्रचंड आहे आणि कोळसा काही हेपरिन स्वतःच शोषून घेतो. सुरुवातीच्या डोसनंतर सतत चालू ठेवा. एसीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मूळ वेळेच्या दीड ते दोन पट राहील असे पाहा, आणि पहिल्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने तपासा. रक्तस्रावाचा धोका असेल तर हेपरिनऐवजी सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे द्रव्य) वापरता येते, मात्र ती पद्धत ज्या टीमच्या हाताखालची आहे तिनेच वापरावी. कॅल्शियम आधीच खाली येणाऱ्या उपचारात सायट्रेट अर्धवट माहितीवर चालवू नये.

सहावी पायरी: सुरू करणे आणि डोळ्यांत तेल घालून बघणे

पंप मिनिटाला ५० ते १०० मिलीवर सुरू करा. १०-१५ मिनिटांत १५० ते २०० पर्यंत न्या. पॉलिमिक्सिनसाठी ८० ते १२० पुरे. रक्तदाब आधीच कमी असेल, तर नळ्यांमधले शेवटचे स्वच्छ सलाईन सूचनापत्रकाने परवानगी दिली असल्यासच रुग्णाला द्या, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवा. पहिला अर्धा तास दर ५ मिनिटांनी रक्तदाब, नंतर दर १५ मिनिटांनी. साखर अर्ध्या तासाने आणि मग दर तासाला. शरीराचे तापमानही मोजा. साध्या पंपावर रक्त गरम करण्याची सोय नसते, त्यामुळे बार्बिट्युरेटने आधीच गार पडलेला रुग्ण आणखी गार होतो.

दाबाचे आकडे वाचायला शिकलात, तर गोठणे आधीच कळते. कार्ट्रिजच्या आधीचा दाब वाढतो आहे आणि परतीचा दाब तसाच आहे, तर कार्ट्रिज गोठते आहे. दोन्ही दाब एकत्र वाढताहेत, तर अडथळा पुढे, परतीच्या चेंबरमध्ये किंवा कॅथेटरमध्ये आहे. पंपाच्या आधीचा दाब फार उणे जातो आहे, तर कॅथेटर शिरेच्या भिंतीला लागले आहे किंवा पिरगळले आहे. दर १५ मिनिटांनी हे तीन आकडे कागदावर लिहा. पडद्यावरचा क्षणिक आकडा काही सांगत नाही. वहीतली चढण सगळे सांगते.

कोळशाच्या कार्ट्रिजने प्लेटलेट साधारण एक तृतीयांशाने घटू शकतात. बहुधा एक-दोन दिवसांत त्या सावरतात. सुरू झाल्यावर लगेच थंडी, अंगावर पित्त, छातीत घट्टपणा किंवा कोसळणारा रक्तदाब दिसला तर पंप थांबवा. असोशीची शंका असेल, तर ते रक्त परत देऊ नका.

कार्ट्रिज किती काम करते आहे, हे मोजता येते. त्याच्या आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच वेळी घ्या. वर हिशोबात ७० टक्के विष अडत होते. तीन तासांनी बाहेरच्या रक्तात १०० पैकी ७० दिसले, तर आता ३० टक्केच अडते आहे आणि काम ८४ वरून ३६ मिलीवर आले आहे. कार्ट्रिज भरले आहे. पुढे चालवून फक्त प्लेटलेट खर्ची पडतील. म्हणूनच एक सत्र सहसा ३-४ तासांचे असते. रक्तातील सायटोकाइनसाठी (दाह वाढवणारे शरीराचे संदेशवाहक रेणू) बनवलेली काही कार्ट्रिजे २४ तासांपर्यंत चालवण्याची परवानगी असते.

बाकीची औषधे विसरू नका

जे कार्ट्रिज विष ओढते ते औषधही ओढते. झटक्यांवरची औषधे, बुरशीविरोधी औषधे, व्हॅन्कोमायसिन आणि इतर अनेक अँटिबायोटिक कमी होतात. छोटे सत्र असेल तर पुढचा डोस सत्र संपल्यावर द्या. पण जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाचा पहिला डोस कार्ट्रिजसाठी कधीच थांबवू नका. तो ताबडतोब द्या आणि नंतर जादा डोसचा विचार करा. सत्राच्या काळात औषधतज्ज्ञाला किंवा वरिष्ठाला एक फोन करून डोसची यादी तपासून घ्या.

सेप्सिस आणि इतर गंभीर आजार: इथे हात आखडता घ्या

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा, रक्तात एंडोटॉक्सिन आणि सायटोकाइन वाढतात, ते काढले की रुग्ण वाचेल, हा तर्क मनाला पटकन पटतो. चाचण्यांनी मात्र त्याला साथ दिलेली नाही. पॉलिमिक्सिन कार्ट्रिजवर इटलीत झालेल्या छोट्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आशादायक वाटले होते. मग ४५० रुग्णांवरच्या युफ्रेट्स चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला: २८ दिवसांत मृत्यू, कार्ट्रिज लावलेल्या गटात ३७.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ३४.५ टक्के. फायदा दिसला नाही. सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पॉलिमिक्सिन हिमोपरफ्यूजन वापरू नये असे सुचवले आणि बाकीच्या पद्धतींबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे नोंदवले.

कोविडच्या काळात एक्मोवर (शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणारे यंत्र) असलेल्या ३४ रुग्णांवर जर्मनीत सायटोकाइन कार्ट्रिजची चाचणी झाली. कार्ट्रिज लावलेल्या १७ पैकी ३ जण ३० दिवसांनी जिवंत होते, न लावलेल्या १७ पैकी १३. चाचणी लहान आहे, पण एवढा मोठा फरक पाहिल्यावर 'लावून तर पाहू, नुकसान काय होणार आहे' असे म्हणता येत नाही. कार्ट्रिज वाईट रेणू तेवढे निवडत नाही. शरीराला सावरणारे रेणू आणि आपण दिलेली औषधेही ते काढते.

म्हणून सेप्सिसमध्ये वापरायचेच असेल, तर चाचणीचा भाग म्हणून किंवा वरिष्ठांच्या लेखी कारणासह वापरा. संसर्गाचा मूळ स्रोत काढणे, अँटिबायोटिक, द्रव आणि रक्तदाबाची औषधे हे सगळे झालेले असले पाहिजे. पोटात पू साठलेला असताना कार्ट्रिज लावून शस्त्रक्रिया लांबवणे हा रुग्णावर अन्याय आहे. थांबायचे केव्हा, हेही आधीच ठरवा. उदाहरणार्थ, दोन सत्रांनंतर नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि लॅक्टेट उतरले नाही तर बंद.

काही अरुंद जागांवर उपयोगाचा तर्क जास्त ठोस आहे. टिकॅग्रेलॉर (प्लेटलेट चिकटू न देणारे औषध) घेत असलेल्या रुग्णाची हृदयाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तर हार्ट-लंग मशीनच्या मार्गात रेझिन कार्ट्रिज जोडून ते औषध काढण्याला युरोपात मान्यता आहे. स्नायू मोठ्या प्रमाणात चिरडल्यानंतरचे मायोग्लोबिन, यकृत निकामी झाल्यावरचे बिलिरुबिन यांसाठीही कार्ट्रिजे वापरतात. रक्तातला आकडा उतरतो हे खरे, पण आकडा उतरणे आणि रुग्ण वाचणे यांत अंतर असते.

नातेवाइकांनी

विष घेतलेल्या माणसाला घरी उलटी करवू नका, मीठ-पाणी किंवा दूध पाजत वेळ घालवू नका. डबा, बाटली, रिकामे पाकीट, चिठ्ठी, जे सापडेल ते सोबत आणा. कीटकनाशक किंवा तणनाशकाची बाटली बंद पिशवीत घाला, हातमोजे वापरा. किती वाजता घेतले, अंदाजे किती घेतले, आधी कोणती औषधे चालू होती, हे कागदावर लिहा. एक-दीड तासाचाही फरक निर्णय बदलू शकतो, म्हणून अंदाज असेल तर 'अंदाजे' असे सांगा, पण लपवू नका.

डॉक्टरांना हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: हे विष कार्ट्रिजने निघते का? डायलिसिसने भागेल का? उतारा आहे का, आणि तो दिला का? किती सत्रे लागतील आणि उपयोग झाला हे कशावरून कळेल? उत्तर 'या विषाला याचा उपयोग नाही' असे आले, तर तो उपचारातला हलगर्जीपणा समजू नका. प्रामाणिक डॉक्टरने द्यायचे ते उत्तर तेच असते.

सत्र संपल्यावर

नळ्यांतले रक्त कसे परत द्यायचे, ते सूचनापत्रकात दिलेले असते. कार्ट्रिज पुन्हा वापरायचे नाही, जैववैद्यकीय कचऱ्यात टाकायचे. हेपरिनचा परिणाम उरला असेल आणि रक्तस्राव होत असेल, तर प्रोटामीन द्या.

रुग्ण शुद्धीवर आला म्हणून कॅथेटर लगेच काढू नका. ऊतींत आणि आतड्यांत उरलेले विष पुन्हा रक्तात येते. कार्बामॅझेपिनच्या गोळ्यांचा तर पोटात गोळा होऊन तो तासन्‌तास विरघळत राहू शकतो. म्हणून सत्रानंतर पातळी लगेच, मग ४ ते ६ तासांनी आणि १२ तासांनी पाहा. तोंडावाटे कोळसा चालू ठेवा, आतडी हलत असतील तरच. पातळी पुन्हा चढली आणि त्यासोबत झटके किंवा बेशुद्धी परतली, तर दुसरे सत्र करा. आकडा चढला पण रुग्ण बोलतो आहे, तर बहुधा थांबता येते.

प्लेटलेट, कॅल्शियम, फॉस्फेट २४ तासांनी पुन्हा पाहा. प्लेटलेट सावरल्यावर आणि दोन तपासण्यांत पातळी उतरती दिसल्यावर कॅथेटर काढा. मांडीवर निदान १०-१५ मिनिटे हाताने दाब द्या आणि तासाभराने जागा पुन्हा बघा. विष जाणूनबुजून घेतले असेल, तर रुग्ण शुद्धीवर आल्यापासून मानसोपचारतज्ज्ञांनी तपासेपर्यंत त्याच्याजवळ एक माणूस सतत बसलेला असावा. रुग्णाची औषधे आणि कात्रीसारख्या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.